गाडी थांबवून बाहेर खायचं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही राहतो डोंबिवलीला आणि गाव कणकवलीजवळ, त्यामुळे वर्षातून सात-आठ वेळा मुंबई-गोवा हायवे ठरलेलाच. कधी गाडीने, कधी एसटीने, तिकीट मिळालं तर कोकण रेल्वेने. बरोबर सासूबाई असतात, मुलं असतात, आणि माणगावच्या आसपास कोणीतरी म्हणतंच की भूक लागली. नात्यातल्या आणि ओळखीच्या बायका निघायच्या आदल्या दिवशी फोन करून जे विचारतात तेच प्रश्न इथे लिहिलेत. मी डॉक्टर नाही, पण एकदा रात्री दीड वाजता हायवेवर उलट्या करणारं पोर मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हापासून या विषयाची जेवढी माहिती मिळेल तेवढी गोळा करत आलेय.

हॉटेल चांगलं की वाईट हे आत शिरताना कसं ओळखायचं?

बोर्ड आणि लायटिंग बघू नका, फडकं बघा. टेबल पुसायला जो पोऱ्या येतो त्याच्या हातातलं फडकं कसं आहे आणि त्याच फडक्याने तो पुढे काय काय पुसतो हे दोन मिनिटं बसून बघितलं तरी पुष्कळ कळतं. मी एका ठिकाणी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, टेबलावरचं खरकटं पुसलं, त्याच फडक्याने स्टीलचा ग्लास आतून फिरवून पुसला आणि मग चार ग्लासांत चार बोटं बुडवून पाणी आणून ठेवलं. आम्ही उठलो. वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही, पाणी प्यायलं म्हणजे जेवावंच लागतं असं नसतं.

दुसरी जागा म्हणजे हात धुवायची मोरी. तिथे साबण आहे का, पाणी येतंय का? गिऱ्हाइकाला जिथे साबण नाही तिथे आतल्या आचाऱ्याला असेल असं मला वाटत नाही. आणि मोरी बहुतेक वेळा किचनच्या दाराजवळच असते, तिथून आत नजर टाकता येते, चिरलेला कांदा उघडा आहे का, माशा आहेत का, कच्चं चिकन आणि कोशिंबिरीची काकडी एकाच पाटावर कापतायत का ते दिसतं.

भिंतीवर सरकारी लायसन्स लावलेलं असतं त्याचा काही उपयोग आहे का?

आहे. एफएसएसएआय म्हणजे अन्न सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था, तिचा १४ आकडी नंबर असतो, तो दिसेल असा लावणं बंधनकारक आहे आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. आकडा १ ने सुरू झाला तर लायसन्स आणि २ ने सुरू झाला तर छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन, म्हणजे २ वाली टपरी काही बेकायदेशीर नाही, ती छोटी आहे इतकंच. फॉसकॉस नावाची त्यांची साइट आहे, तिथे नंबर टाकून तो खरा आहे का बघता येतं. पण नंबर आहे म्हणून आजची भाजी ताजी आहे असं नाही, नंबर असला की पुढे काही झालं तर कुणाला धरायचं ते कळतं, त्यासाठी तो बघायचा. काही ठिकाणी स्मायली असलेलं हायजीन रेटिंगचं सर्टिफिकेट दिसतं, ५ पैकी किती ते लिहिलेलं असतं. ते हॉटेलवाल्याने स्वतःहून घ्यायचं असतं, त्यामुळे नसलं तर लगेच वाईट समजू नका.

गर्दी असेल तिथेच जेवायचं, बरोबर ना?

बऱ्याच अंशी बरोबर, कारण माल खपतो, शिळा राहत नाही. पण गर्दी कुणाची ते बघा. ट्रकवाले आणि रोज जाणारे-येणारे ड्रायव्हर जिथे बसतात तिथे अन्न सहसा गरम आणि सकाळ-संध्याकाळ नवीन केलेलं असतं, कारण ती माणसं परत परत येतात. चार लक्झरी बस एकदम लागणाऱ्या हॉटेलची गर्दी वेगळी, ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नसतं आणि २० मिनिटांत २०० माणसांना वाढायचं म्हणून सगळं आधी करून ठेवलेलं असतं. अशा ठिकाणी मी थाळी घेत नाही, तव्यावरचं काहीतरी घेते.

भाताची एवढी भीती का घालता?

कारण आम्ही भोगलंय. २०१९ चा मे महिना, रात्री साडेदहा वाजले होते, हायवेवरच्या एका हॉटेलात थांबलो. आम्ही पिठलं-भाकरी घेतली आणि नणंदेचा मुलगा, तेव्हा ९ वर्षांचा, त्याला अंडा फ्राइड राइस हवा होता. मी हात धुवायला गेले तेव्हा किचनच्या दारात जमिनीवर मोठा टोप होता, त्यात डोंगरासारखा पांढरा भात आणि वर ओलं फडकं. आचारी त्यातून वाटीने भात काढून कढईत टाकत होता. मोठा जाळ, चुरचुर आवाज, मला वाटलं एवढं गरम होतंय म्हणजे काळजी नाही. दीड वाजता गाडीत पोराला उलट्या सुरू झाल्या त्या पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत. महाडला ज्या डॉक्टरांना उठवलं त्यांनी काय खाल्लं आणि किती वाजता एवढंच विचारलं आणि म्हणाले, भाताचंच दिसतंय. पिठलं-भाकरी खाणाऱ्या कुणालाच काही झालं नाही.

तेव्हा कळलेली गोष्ट अशी की तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करून, परतून, फोडणी देऊन जात नाही. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या. म्हणून रात्री उशिरा हायवेवर फ्राइड राइस, बिर्याणी, मसाले भात, जिरा राइस काहीच नको. दुपारी बारा-एकला कुकर उघडताना दिसला तर साधा वरण-भात खुशाल खा.

मग काय खायचं ते सांगा ना!

जे तुमच्यासमोर आगीवरून उतरतं ते. भाकरी, पोळी, घावणे, आंबोळी, ऑम्लेट, डोसा, पिठलं, उकळता रस्सा असलेली मिसळ, चहा. हिशोब सोपा आहे, ५ ते ६० डिग्री या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, तेव्हा अन्न एकतर वाफ निघेल एवढं गरम हवं नाहीतर फ्रीजमध्ये गार हवं, आणि कोमट आलं की परत पाठवायचं. "दादा, जरा उकळून द्या ना" असं म्हटलं की देतात, कुणी रागावत नाही. मिसळीचा कट दिवसभर उकळत असतो म्हणून तो बरा, पण त्यावर पडणारा कच्चा कांदा सकाळी सहाला चिरलेला असू शकतो, तो मी वेगळ्या वाटीत मागते आणि बघून ठरवते. अख्खा कांदा आणि अख्खं लिंबू मागितलं तरी देतात, सुरी आपल्याकडे ठेवायची.

आणि लिंबू पिळलं की जंतू मरतात हे खरं नाही.

पाणी आणि बर्फ?

पाणी घरून भरून घ्या, संपलं की सीलबंद बाटली. बाटलीचं झाकण फिरवताना कट् असा आवाज येऊन कडी तुटली पाहिजे, तारीख आणि एफएसएसएआय नंबर बघा, आणि पिऊन झालेली बाटली चुरगळून टाका म्हणजे ती परत नळाखाली भरली जाणार नाही. जारचं थंड पाणी आणि बाटलीचं पाणी एकच समजू नका.

बर्फ मी प्रवासात पूर्ण बंद केलाय. २०१८ मध्ये महाराष्ट्रात एफडीएने, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करायला सांगितलं होतं, म्हणजे मासळी वगैरे थंड ठेवायचा बर्फ ओळखू यावा. पण पांढरा बर्फ चांगल्या पाण्याचा असेलच असं नाही आणि तो लादीवर, गोणपाटावर, फुटपाथवर ठेवून फोडलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. उसाचा रस हवा तर बिनबर्फाचा आणि समोर काढलेला, चरक किती धुतलाय ते बघून. पावसाळ्यात तोही नको.

वडापाव पेपरात गुंडाळून देतात, चालतं का?

नाही चालत. छपाईच्या शाईत शिसं आणि बाकी रसायनं असतात आणि गरम तेलकट वड्याला ती लागतात, वर तो पेपर कुठे कुठे पडलेला असतो देव जाणे. २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला बंदीच आहे. तरी सर्रास देतात. आम्ही स्टीलचा डबा पुढे करतो, त्यात वडापाव, भजी सगळं घेतो, आणि आता दोन-तीन ठिकाणी तर गाडी थांबली की विक्रेतेच विचारतात "ताई, डबा आणलाय का?"

तेलाचं पण बघा. तेल काळपट झालंय, कढईत फेस येतोय, वडा टाकायच्या आधीच धूर निघतोय तर पुढे चला. परत परत तापवलेल्या तेलात जे घटक वाढतात त्याला २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे, पण ती मोजायला आपल्याकडे मशीन नसतं, आपल्याकडे डोळे आणि नाक आहे. खाल्ल्यावर घसा खवखवला तर त्या कढईचं नाव मनात लिहून ठेवा.

कोकणात, गोव्यात मासे खाताना काय बघायचं?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण कोकणात जाऊन मासे खाऊ नका असं मी कुणाला सांगणार नाही.

पहिलं म्हणजे कॅलेंडर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीला बंदी असते. त्या काळात मेनूवर सुरमई आणि पापलेट दिसलं तर ते बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं असतं, ताजं म्हणून कुणी सांगत असेल तर विचारा कुठून आलं. खाडीतले मासे मिळतात, ते खा, नाहीतर सरळ सुकटीची चटणी आणि भाकरी, चवीला काही कमी नाही.

दुसरं, मासा तळायच्या आधी दाखवायला सांगा. मालवणात, वेंगुर्ल्यात चांगले खानावळवाले अभिमानाने ताट पुढे करतात. डोळे स्वच्छ आणि वर आलेले, कल्ले लाल, अंग बोटाने दाबलं तर खड्डा राहत नाही, वास समुद्राचा. डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी, अमोनियासारखा वास आला तर नको. रवा आणि मसाला लावून कुरकुरीत तळला की वास पार झाकला जातो, म्हणून बघायचं ते आधी.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. बांगडा, कुपा, सुरमई हे मासे पकडल्यावर नीट बर्फात ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं रसायन तयार होतं, आणि ते तळून, उकडून, आंबट घालून कशानेच जात नाही. खाताना जीभ मिरपूड लागल्यासारखी चरचरते, आणि दहा मिनिटं ते तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. लोकांना वाटतं मला माशाची ॲलर्जी आहे आणि आयुष्यभर मासे सोडतात, कधी कधी दोष त्या एका माशाचा असतो. असं झालं तर खाणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, श्वास लागत असेल तर लगेच.

शिंपल्या, तिसऱ्या, कालवं पाणी गाळून जगतात, म्हणजे पाण्यातली घाणही त्यांच्यात साठते. शिजल्यावर ज्या शिंपल्या उघडल्या नाहीत त्या ओढून उघडू नका, बाजूला काढा. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकवर कच्ची किंवा अर्धकच्ची कालवं कुणी दिली तर मी नाही म्हणेन, सोबत दारू प्यायलं की जंतू मरतात हेही खरं नाही.

सोलकढी तर पचनाला चांगली, ती तरी चालेल ना?

सोलकढी न उकळलेली असते. आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस, ओल्या नारळाचं दूध, लसूण, मिरची आणि साधं पाणी. एप्रिल-मेच्या उकाड्यात नारळाचं दूध चार-पाच तासांत विटायला लागतं, आणि सोलकढी मुळात आंबट असल्यामुळे ती आंबली हे चटकन कळत नाही. ग्लास तिरका करून बघा, गुठळ्या झाल्यात, तार येतेय, वर बुडबुडे आहेत तर ठेवून द्या. दुपारी एकला घेतली तर मी पिते, रात्री नऊला कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. इडली-डोशाच्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीचं हेच, सकाळी खा, संध्याकाळी सांबारावर भागवा. ताक पण कुठल्या पाण्याने घुसळलंय हा प्रश्न राहतोच.

मोठं एसी हॉटेल किंवा एक्स्प्रेसवेवरचा फूड मॉल घेतला की टेन्शन नाही?

टॉयलेट चांगलं मिळतं, हा फायदा मी कमी समजत नाही, सासूबाई बरोबर असल्या की तेवढ्यासाठीच थांबतो. पण जेवणाचा भरवसा वेगळा. रिसॉर्टच्या ब्रेकफास्ट बुफेत साडेसातला मांडलेलं उपीट दहाला खाल्लं तर ते तुम्ही अडीच तास शिळं खाताय, भांड्याखालची मेणबत्ती कधीच विझलेली असते. बुफेला उघडल्या उघडल्या जा, कापलेली फळं सोडून केळं घ्या, ऑम्लेट समोर करून घ्या, आणि सगळ्यांच्या हातातून फिरणारा डाव धरला असेल तर खायच्या आधी हात धुवा. सॅनिटायझर चोळून भागत नाही, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. आम्ही पेपर सोप ठेवतो पर्समध्ये.

चिकन-मटण?

मटण बराच वेळ शिजतं, रस्सा उकळतो, तुलनेने बरं. चिकनमध्ये हाडाजवळ मांस गुलाबी किंवा रक्ताळलेलं दिसलं तर परत पाठवा, तंदुरीत हे जास्त होतं, बाहेरून जळलेलं आणि आत कच्चं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले, तेव्हा काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता. दूषित पाणी आणि कच्चं राहिलेलं चिकन या दोन्हींतून हा जंतू येतो. सगळ्यांना असं होत नाही, फार थोड्यांना होतं, पण पोट बिघडल्यानंतर काही दिवसांनी पाय लुळे पडल्यासारखे वाटले, मुंग्या आल्या तर घरी थांबायचं नाही.

उपवास असेल तर बाहेर काय खावं?

केळी, शेंगदाणे, सीलबंद दूध. भगर बाहेर खाऊ नका असं मी स्पष्ट सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली, दवाखान्यात जागा नव्हती, बाहेर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवल्या होत्या. भगर ओल धरते, तिला बुरशी लागते आणि बुरशीचं विष शिजवून जात नाही. सुटी भगर आणि सुटं भगरीचं पीठ तर घरीही नको. महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र या दिवसांत हॉटेलवाले एकदम मोठा माल आणतात, तो कधीचा आहे कुणाला विचारणार?

लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस बरोबर असेल तर?

त्यांच्यासाठी डबा घरूनच. भाजणीचे थालीपीठ, दशम्या, गूळपोळी, लसणीची सुकी चटणी, राजगिऱ्याचे लाडू हे दिवसभर टिकतं. दही-भात, ओलं खोबरं घातलेली भाजी, बटाट्याची भाजी भरलेले पराठे हे उन्हात बंद गाडीत टिकत नाहीत. बाळाच्या दुधाचं पाणी हॉटेलच्या थर्मासमधलं घेऊ नका, समोर खळखळून उकळून घ्या आणि बाटली दर वेळी धुतलेली वेगळी. गरोदर बाईने न तापवलेलं दूध, कापून ठेवलेली फळं आणि अर्धकच्ची अंडी टाळावीत. वारंवार प्रवास असेल तर टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लस असते, आपल्या डॉक्टरांना विचारा.

ट्रेनमध्ये?

पॅन्ट्रीवाल्याकडून घ्यायचं तर जेवण हातात आल्यावर पाकिटाला हात लावून बघा, गार असेल तर घेऊ नका, बिल मागा. तक्रार १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर, गाडी नंबर आणि कोच नंबर टाकून.

पोट बिघडलंच तर?

आधी पाणी आणि मीठ भरून काढायचं, गोळ्यांचं नंतर बघू. ओआरएसची पावडर, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेली, प्रत्येक गाडीत ४-५ पाकिटं हवीत. पूर्ण पाकीट १ लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असलं काही नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. टेट्रापॅकमधलं गोड ज्यूससारखं पेय ओआरएस म्हणून विकलं जायचं, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने ते नाव वापरायला बंदी केली, कारण साखर जास्त असली की जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा धरून. उलटी होत असेल तर पाच मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा, गटागटा नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली होती, तेव्हा याला साधं समजू नका.

मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी स्वतः घेऊ नका, ताप किंवा शौचात रक्त असेल तर अजिबातच नाही, आणि अँटिबायोटिक पण मनाने नाही. रक्त, जोराचा ताप, ६ ते ८ तास लघवी नाही, काहीच पोटात ठरत नाही, मूल मलूल पडलंय, यातलं एकही दिसलं तर पुढचा घाट चढू नका, आहात तिथल्या गावात ग्रामीण रुग्णालय विचारा.

तक्रार करून काही होतं का हो?

आम्ही २०१९ ला केली नाही. बिलच घेतलं नव्हतं, हॉटेलचं नावही धड आठवत नव्हतं, पोराच्या गडबडीत कुणाला सुचणार. त्याची चुटपुट अजून आहे, कारण आमच्या मागून त्या रात्री त्याच टोपातला भात किती जणांनी खाल्ला असेल.

म्हणून आता जेवण झालं की बिलाचा फोटो काढते, रोजच, काही झालेलं नसताना. तक्रारीला हॉटेलचं नाव, ठिकाण, बिलावरचा १४ आकडी नंबर, काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, किती जणांना झाला एवढं लागतं. महाराष्ट्रात एफडीएचा टोल फ्री १८००२२२३६५, देशभरासाठी एफएसएसएआयचा १८००११२१००, शिवाय त्यांचं फूड सेफ्टी कनेक्ट ॲप आहे त्यात फोटो टाकता येतात. पैशाचं काही असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. एसटी ज्या अधिकृत थांब्यावर थांबते तिथलं खाणं खराब असेल तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून आगारात द्या. डॉक्टरांकडे गेलात तर केसपेपरवर काय खाल्लं आणि खाल्ल्याची वेळ लिहून द्यायला सांगा, नुसतं "उलट्या-जुलाब" लिहिलेला कागद पुढे कामाला येत नाही. आणि दोन कुटुंबांना एकाच ठिकाणच्या खाण्याने त्रास झाला असेल तर दोघांनी वेगवेगळी तक्रार करा.